वीज गेली आणि वाचन चालूच राहिलं

गेल्या काही महिन्यांत आलेल्या पत्रांमध्ये एक तक्रार पुन्हा पुन्हा दिसते. 'मूल हुशार आहे, पण पुस्तक हातात धरत नाही.' कुणाचा मुलगा तिसरीत आहे, कुणाची मुलगी सहावीत. या विषयावर लिहायचं आम्ही बरेच दिवस टाळत होतो. कारण हा प्रश्न आमच्याही घरातला होता आणि त्यात आमची चूक मोठी होती. आता ती सांगायला हरकत नाही.

जूनचा पहिला आठवडा होता. शाळा १५ जूनला उघडणार म्हणून आम्ही रत्नागिरीहून मुलांना घेऊन तारकर्लीला त्यांच्या आजोळी गेलो होतो. मगरिबची नमाज झाली होती, बाहेर पाऊस लागला होता. आमचा धाकटा पडवीत बल्बखाली मराठीचं पुस्तक घेऊन बसला होता. सुट्टीत रोज एक पान मोठ्याने वाचायचं, असं शाळेने सांगितलं होतं. पोर त्या दिवशी छान वाचत होतं. कुठे अडखळणं नाही, कुठे थांबणं नाही. नानी तसबीह हातात घेऊन कौतुकाने ऐकत होती.

तेवढ्यात वीज गेली. पावसाळ्यात कोकणात हे काही नवं नाही. घरात मिट्ट काळोख झाला, आणि वाचन चालूच राहिलं. एक वाक्य झालं, दुसरं झालं, तिसरं अर्ध्यावर आलं आणि मग त्याच्या लक्षात आलं. तो गप्प झाला.

अंधारात कुणीच काही बोललं नाही. शेवटी नानी एवढंच म्हणाली, "मेणबत्ती आणा कुणीतरी."

आमचा दहा वर्षांचा मुलगा, जो दहा दिवसांनी पाचवीत बसणार होता, तो वाचत नव्हता. पाठ म्हणत होता. मोठी बहीण अभ्यास घेताना धडा एकदा वाचून दाखवायची, तो दोनदा ऐकायचा, आणि पानावर बोट फिरवत जसाच्या तसा म्हणायचा. किती महिने हे चाललं होतं, कोण जाणे. आम्ही त्याला आळशी म्हणत होतो. पण वाचता येत नाही हे लपवण्यासाठी ते लेकरू रोज जेवढे कष्ट घेत होतं, तेवढ्यात दोन मुलं वाचायला शिकली असती.

आम्ही काय काय केलं होतं

त्याआधीचं वर्ष आठवलं की आजही मान खाली जाते. "तुझी आपा तुझ्या वयात दिवसाला एक गोष्टीचं पुस्तक संपवायची," हे वाक्य आमच्या घरात रोज ऐकू यायचं. एका पानाला दहा रुपये देऊन पाहिले. त्याने पानं उलटली आणि पैसे घेतले. मोबाईल काढून घेतला. मस्ती केली की शिक्षा म्हणून 'बस आता, धडा वाच' असं फर्मान निघायचं. म्हणजे वाचन ही एक शिक्षा आहे, हे आम्हीच त्याला शिकवलं.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे आम्ही धर्माची छडी केली. "आपल्या दीनमध्ये पहिला शब्द 'इक्रा' आला, वाच, आणि तू पुस्तकापासून पळतोस!" हे किती वेळा म्हटलं असेल. ज्या शब्दाने मुलाच्या मनात उमेद यायला हवी, तो ऐकून तो खाली बघायला लागला होता.

मेणबत्ती आली तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. आम्ही काही बोलणार तोच नानीने हाताने थांबवलं. म्हणाली, "आज नको." त्या दोन शब्दांनी पुढचं बरंच काही वाचवलं.

'वाचत नाही' म्हणजे नेमकं काय?

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच्याजवळ बसलो आणि पहिल्यांदा नीट पाहिलं की तो कुठे अडतो. हे प्रत्येक आई-वडिलांनी करून पाहावं. मूल वाचायला नको म्हणतं, त्यामागे बहुधा तीनपैकी एक कारण असतं. एक, त्याला अक्षरांतून शब्द काढता येत नाही. दोन, शब्द काढता येतात, पण त्यात इतका दम जातो की वाक्य संपेपर्यंत अर्थ निसटतो. तीन, वाचता येतं, समजतंही, पण समोर ठेवलेलं पुस्तक त्याला आवडत नाही. तिघांनाही आपण एकच औषध देतो : रागावणं. ते तिघांनाही लागू पडत नाही.

आमचा मुलगा पहिल्या आणि दुसऱ्याच्या मध्ये होता. सुटी अक्षरं येत होती. काना, मात्रा येत होत्या. पण घ आणि ध, भ आणि म, ष आणि प यांत गोंधळ होता. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दिसते आणि उच्चारात नंतर येते, तिथे तो थबकायचा. आणि जोडाक्षर आलं की गाडी रुळावरून खाली.

मराठीत एकट्या 'र'चीच किती रूपं आहेत पाहा. 'सूर्य'मध्ये तो डोक्यावर रफार होऊन बसतो, 'चक्र'मध्ये पायाशी तिरका होतो, 'राष्ट्र'मध्ये ट च्या पोटाखाली जातो आणि 'वाऱ्यावर' लिहिताना अर्ध्या चंद्रासारखा पुढे चिकटतो. आपल्याला हे दिसतच नाही, कारण आपली नजर सरावलेली आहे. व्यंजनं, बाराखडी आणि जोडाक्षरं मिळून मुलाला काही शे आकार ओळखायचे असतात. हे काम पहिलीत संपत नाही. चांगल्या चांगल्या मुलांचं तिसरी-चौथीपर्यंत चालतं. मधल्या काळात आजारपण आलं, शाळा बदलली, शिक्षक बदलले, की एखादी पायरी राहून जाते. आणि वर्ग पुढे निघून जातो.

आपल्या घरांतल्या मुलांचं आणखी एक आहे. घरात बोली वेगळी, शाळेत पुस्तकी मराठी, मकतबमध्ये उजवीकडून डावीकडे जाणारी अरबी, कुठे उर्दू, शिवाय इंग्रजी. म्हणून 'एवढ्या लिप्यांनी पोर गोंधळलं' असं आपण पटकन म्हणून टाकतो. आमचा अनुभव तसा नाही. मुलं दोन-तीन लिप्या सहज पेलतात. आमचा धाकटा कायदा संपवून अम्मपारा नीट वाचत होता, आणि हेच आम्हाला कोड्यात टाकत होतं. अरबीचं पान वाचणारा मुलगा मराठीच्या पानाला का घाबरतो?

उत्तर नानीकडे होतं. तिला मराठी वाचता येत नाही. कुरआन आणि थोडी उर्दू, एवढंच तिचं वाचन. पण आसपासच्या कितीतरी मुलांना तिने कायदा शिकवला आहे.

नानीचा हिशेब

ती म्हणाली, "हाफिजसाहेब याला रोज किती सबक देतात?"

दोन-तीन ओळी.

"आणि नवा सबक केव्हा देतात?"

कालचा नीट ऐकवला की.

"आणि तुम्ही त्याला किती देता?"

एक अख्खं पान. कालचं आलं की नाही, हे न विचारता.

आम्ही गप्प झालो. मकतबमध्ये काय होतं ते आठवून पाहा. प्रत्येक मूल एकेकटं उस्तादांसमोर बसतं. आधी कालचं ऐकवायचं, मग आजचं घ्यायचं. चुकलं तर तेवढीच ओळ पुन्हा. नूरानी कायद्यात सुटी अक्षरं, मग जोडलेली, मग जबर-जेर-पेश, अशा एकेक पायऱ्या आहेत आणि पायरी गाळून पुढे जाता येत नाही. हिफ्ज करणाऱ्या मुलांचा रोजचा अभ्यास तर तीन भागांत असतो : सबक म्हणजे आजचा नवा भाग, सबकी म्हणजे गेल्या काही दिवसांतला, आणि मंजिल म्हणजे जुना पक्का झालेला. नवं थोडं, जुनं पुष्कळ, आणि ऐकणारं माणूस समोर. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली ही रीत आपल्याच घरात होती. मराठी पुस्तकासाठी ती वापरावी, हे आम्हाला सुचलंच नव्हतं.

सीरतच्या ग्रंथांत येतं की, बद्रच्या लढाईनंतर ज्या कैद्यांकडे खंडणी द्यायला काही नव्हतं पण लिहिता-वाचता येत होतं, त्यांनी मदीनेतल्या दहा दहा मुलांना शिकवावं आणि सुटून जावं, असं ठरलं. लहानपणापासून ही गोष्ट आपण इल्मची थोरवी सांगायला ऐकत आलो. त्यातल्या आकड्याकडे आमचं लक्ष त्या दिवशी पहिल्यांदा गेलं. एकाकडे दहा मुलं. शिकवणाऱ्याला प्रत्येकाचं तोंड बघता येईल एवढीच.

नानीने एक इशाराही दिला. अरबी वाचताना मुलाला अर्थ कळत नाही, तरी उच्चार बरोबर असला की आपण शाबास म्हणतो. मराठीचं पानही तसंच म्हणून दाखवायचं असतं, असं त्याला वाटत असलं तर? विचारल्यावर ते खरं निघालं. धड्यात काय आहे, हे कुणी कधी विचारलं नव्हतं. 'मोठ्याने वाच' एवढंच सांगितलं होतं. तो मोठ्याने म्हणत होता.

होडीवरचं नाव

तारकर्लीला जूनमध्ये सगळं थांबतं. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, पर्यटकांच्या होड्या आणि स्कूबा त्याच्या आधीच बंद. उन्हाळ्यात देवबागच्या संगमापर्यंत, कर्ली नदी समुद्राला मिळते तिथपर्यंत, पर्यटकांची नुसती रीघ असते. पावसात तिथे चिटपाखरू नसतं. मुलांच्या मामूंची होडी माडांखाली ओढून ठेवलेली होती. पावसाची उघडीप मिळाली की ते ती घासायचे, रंगवायचे. धाकटा दिवसभर त्यांच्यामागे.

होडीचं नाव 'दर्यादौलत'. तीन-चार वर्षांच्या उन्हापाण्याने रंग उडाला होता. मामूंनी सहज विचारलं, "वाच बघू, काय लिहिलंय." धाकट्याने बोट ठेवलं, एकेक अक्षर लावलं आणि म्हणाला, "दया… दौलत."

आपा हसली. आम्हीही हसणार होतो. पण मामू पुढे झाले, वाकून पाहिलं आणि म्हणाले, "ह्येना बरोबर वाचल्यान! रफार खंय गेलो? आमच्यापैकी कोणाच्या ध्यानात इला नाय."

खरंच रफार पुसून गेला होता. आम्हा सगळ्यांना नाव ठाऊक होतं, म्हणून आम्हाला तो नसतानाही दिसत होता. जे लिहिलं होतं ते फक्त त्या पोराने वाचलं, कारण त्याला एकेक अक्षर बघावं लागत होतं. वाचनाच्या बाबतीत तो बरोबर आणि बाकीचे सगळे चूक, असं त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडलं.

मग मामूंनी त्याच्या हातात ब्रश दिला. रफार द च्या डोक्यावर द्यायचा की या च्या, यावर बरीच चर्चा झाली. र आधी बोलतो, पण बसतो पुढच्याच्या डोक्यावर, हे त्याला तेव्हा कळलं ते कायमचं. आपाने वाळूत 'दर्या' आणि 'दऱ्या' शेजारी शेजारी लिहून दाखवलं, एक समुद्र आणि एक डोंगरांमधल्या. आम्ही वहीत शंभर वेळा लिहायला लावून जे आलं नव्हतं, ते एका दुपारी आलं.

संध्याकाळी मामू त्याच्याशी बोलत बसले होते, ते आम्ही आतून ऐकलं. "माका पण भराभर वाचूक येणा नाय. सातवीत शाळा सोडलंय. अजून बोट ठेवन वाचतंय." मोठ्या माणसालाही अडतं आणि तो ते सांगू शकतो, हे मुलाने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. आमच्यापैकी कुणी त्याला असं कधीच सांगितलं नव्हतं.

'नये' कुठे असतो?

किनाऱ्यावरच्या माणसांना मोबाईलवर हवामानाचे इशारे येतात. हवामान खात्याचे असतात, हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती संस्थेचे उंच लाटांचे असतात. ते गटागटांतून मराठीत फिरतात. मामूंनी ते वाचून दाखवायचं काम धाकट्याला दिलं. चश्मा सापडत नाही, ही सबब.

पहिल्या दिवशी त्याने 'किनारपट्टी'वर एक मिनिट घालवलं, 'खवळलेला'वर दुसरं. मामू मध्ये बोलले नाहीत. शेवटच्या वाक्याला तो दमला होता. 'मच्छीमारांनी समुद्रात' इथपर्यंत आला आणि पुढचं अंदाजाने म्हणाला, "जावे."

मामू शांतपणे म्हणाले, "परत वाच."

त्याने परत बोट ठेवलं. 'जाऊ नये' असं होतं.

"तुझां ऐकून मी गेलो असतंय," मामू म्हणाले. रागाने नाही, नुसतं सांगितलं. धाकटा बराच वेळ त्या मोबाईलकडे बघत होता. मराठी वाक्यात सगळ्यात महत्त्वाचा शब्द बऱ्याचदा शेवटी असतो. अर्ध्यावर अंदाज बांधणाऱ्याच्या हातून नेमका तोच सुटतो. औषधाच्या बाटलीवर, कर्जाच्या कागदावर, ग्रामपंचायतीच्या नोटिशीवरही असंच असतं. वाचायचं ते समजण्यासाठी, हे त्याला आमच्या कुठल्याही भाषणाशिवाय कळलं.

एका किनाऱ्यावरचं दुसरं पोर

१५ ऑक्टोबर हा डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस. २०१५ पासून महाराष्ट्रात तो 'वाचन प्रेरणा दिन' म्हणून साजरा होतो. शाळेत फोटोला हार घातला जातो, भाषणं होतात. पण त्यांच्या लहानपणातलं जे आपल्या कामाचं आहे, ते राहून जातं.

कलामही समुद्राकाठचेच, रामेश्वरमचे. वडील जैनुलाब्दीन यांनी यात्रेकरूंना ने-आण करण्यासाठी लाकडी होडी बांधली होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रामेश्वरमला गाडी थांबणं बंद झालं, तेव्हा वर्तमानपत्रांचे गठ्ठे धावत्या गाडीतून खाली टाकले जायचे. त्यांचे नात्यातले भाऊ शमसुद्दीन गावात वर्तमानपत्रं वाटायचे. ते गठ्ठे गोळा करायला त्यांनी लहान कलामांना मदतीला घेतलं. तीच त्यांची पहिली कमाई. आणि गावातल्या माणिकम नावाच्या गृहस्थांच्या घरी पुस्तकं पुष्कळ होती, तिथून ते पुस्तकं मागून आणायचे. हे सगळं त्यांच्या आत्मचरित्रात आहे, आणि 'अग्निपंख' या नावाने ते मराठीतही आहे.

यात पाहण्यासारखं काय आहे? त्या मुलाच्या हातात छापील कागद आला तो कामातून आला, आणि पुस्तकं आली ती एका शेजाऱ्याने दार उघडं ठेवलं म्हणून. कलाम व्हा, असं मुलांना सांगणं सोपं आहे. आपल्या मोहल्ल्यात शमसुद्दीन आणि माणिकम कोण होणार, हा प्रश्न मोठ्यांसाठी आहे.

घरी काय करावं

त्या वर्षभरात आम्ही जे केलं आणि ज्याचा उपयोग झाला, ते सांगतो.

रोज पंधरा मिनिटं, ठरलेल्या वेळी. आमच्याकडे ती मगरिबनंतरची आहे. त्यात पाच-सहा नव्या ओळी म्हणजे सबक, गेल्या दोन-तीन दिवसांतल्या ओळी म्हणजे सबकी, आणि जुम्याच्या दिवशी आधी वाचलेली आवडती गोष्ट पुन्हा, ती मंजिल. मूल तीच गोष्ट दहाव्यांदा वाचतं म्हणून वैतागू नये. त्यानेच वेग येतो.

सुरुवातीला बरोबर वाचावं. आपण आणि मूल एका आवाजात, मुलाच्या वेगाने. त्याला एकट्याने वाचावंसं वाटलं की त्याने टकटक करायची, आपण थांबायचं. अडला की मनात पाच अंक मोजायचे, मग शब्द सांगायचा आणि पुन्हा बरोबर सुरू. त्यावर व्याख्यान नको.

पुस्तक सोपं आहे की कठीण, हे पाच बोटांनी ठरवावं. एक पान वाचताना अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचं. पानाच्या आत पाचही बोटं मिटली, तर ते पुस्तक अजून त्याचं नाही. ते आपण वाचून दाखवायचं. त्याच्या हातात सोपं द्यायचं. पाचवीच्या मुलाला दुसरीचं पुस्तक दिलं तर कमीपणा वाटतो, म्हणून आम्ही 'धाकट्या मामेबहिणीला वाचून दाखव' असं सांगायचो. तिला गोष्ट मिळाली, याला सराव.

वाचल्यावर प्रश्नपत्रिका काढू नये. 'पुढे काय होईल?' किंवा 'तू असतास तर?' एवढं पुरतं.

मूल वाचू लागलं तरी आपण वाचून दाखवणं थांबवू नये. ऐकून त्याला जे शब्द कळतात, तेच पुढे पानावर भेटले की ओळखीचे वाटतात. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी सुरस गोष्टी मराठीत आणल्या. जुनी भाषा जरा सोपी करत आम्ही त्यातला सिंदबाद रात्री सांगत गेलो. समुद्र, वादळ, बेटं, सगळं त्याच्या ओळखीचं.

आवड त्याची असावी. आमच्या पोराला होड्या आणि मासे. म्हणून मासळीच्या चित्रांची पुस्तकं आली. मग मालवणच्या समोर उभा असलेला सिंधुदुर्ग आला. १६६४ मध्ये त्याचं बांधकाम सुरू झालं, हे त्याने स्वतः वाचून नानीला सांगितलं. शिवाजी महाराजांच्या आरमारात दौलतखान नावाचे सरदार होते हे कळलं, त्या दिवशी 'आपल्या होडीचं नाव त्यांच्यावरून आहे का' असं त्याने मामूंना फोन करून विचारलं. मामूंनी हो म्हणून टाकलं. अल्लाह माफ करो.

पैशांची अडचण सांगू नये. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं, त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी पायऱ्यांप्रमाणे लावलेल्या आहेत, त्याही मोफत. आणि आपल्या गावात किंवा तालुक्याला सरकारी अनुदानाचं वाचनालय बहुधा असतंच. आम्ही जुम्याच्या नमाजनंतर परतताना तिथे थांबायचा पायंडा पाडला.

आणि शेवटचं, वडिलांसाठी. घरात वाचायला सांगणारी आई, रागावणारी आई, आणि मोबाईलवर बोट फिरवणारे अब्बू, असं चित्र असेल तर मुलगा कुणाकडे बघून शिकेल? रोज दहा मिनिटं त्याच्यासमोर काहीतरी छापील हातात धरा. वर्तमानपत्र चालेल, हे मासिक चालेल.

डॉक्टरांकडे कधी जावं

सुरुवातच डोळे तपासण्यापासून करावी. फळ्यावरचं दिसत नाही म्हणून मागे पडलेली मुलं पुष्कळ असतात. ऐकूही नीट येतं ना, हे पाहावं. आमच्या मुलाचं दोन्ही ठीक निघालं.

पण तीन-चार महिने रोज, न रागावता सराव करूनही मूल हललं नाही, एकच शब्द एकाच पानावर तीन प्रकारे वाचू लागलं, बोलण्यात हुशार पण फळ्यावरचं उतरवताना अक्षरं गाळू लागलं, तर ती वाचनातली अक्षमता असू शकते. तिला डिस्लेक्सिया म्हणतात. २००७ मधला 'तारे जमीन पर' बहुतेकांनी पाहिला असेल. हा मंदपणा नाही, वेडही नाही, आणि यात कुणाची नजर लागलेली नसते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. तपासणी करून प्रमाणपत्र मिळालं तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. मुंबईत सायन, केईएम, नायर या रुग्णालयांत ही तपासणी होते. इतरांनी आपल्या जिल्हा रुग्णालयात आणि शाळेत चौकशी करावी. लग्नाच्या वेळी लोक काय म्हणतील, म्हणून मुलीची तपासणी टाळणारे आई-बाप आम्ही पाहिले आहेत. त्या मुलीने दहा वर्षं स्वतःला मठ्ठ समजावं, हे त्याहून वाईट आहे.

आणि हा आपल्या एकट्याच्या घरातला प्रश्न नाही. 'प्रथम' संस्थेची 'असर' पाहणी २००५ पासून गावोगाव मुलांना घरी जाऊन वाचायला लावते. २०२२ मध्ये ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी सुमारे ४३ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. २०२४ मध्ये परिस्थिती थोडी सुधारली, तरी आकडा निम्म्याच्या आतच राहिला. म्हणजे वर्गात आपलं मूल अडतं तेव्हा शेजारचंही अडत असतं. दोघंही एकमेकांपासून लपवत असतात.

आता

आमचा धाकटा आता सहावीत आहे. पुस्तकातला किडा झालेला नाही. अजून सावकाश वाचतो, मोठं जोडाक्षर आलं की ओठ हलतात, मनासारखं पुस्तक नसेल तर कंटाळतोही. आपासारखा तो होणार नाही, आणि आता आम्ही तसं म्हणतही नाही.

मागच्या मे महिन्यात आम्ही पुन्हा तारकर्लीला होतो. पर्यटकांची गर्दी होती. दुपारी मामूंच्या मोबाईलवर इशारा आला. मामू होडीत माणसं बसवण्याच्या घाईत होते. धाकट्याने मोबाईल घेतला, बोट ठेवलं, ओठ हलवत शेवटपर्यंत वाचलं आणि पाण्यात गुडघाभर उभा राहून ओरडला, "मामू, 'नये' आहे!"

मामूंनी माणसं उतरवली. एकजण भाड्यासाठी वाद घालू लागला. मामू त्याला म्हणाले, "भाच्यान वाचलांनी हा."

संध्याकाळी वारा सुटला तेव्हा आम्ही सगळे पडवीत होतो. वीज गेली. धाकट्याच्या हातात सिंदबाद होता. तो मध्येच थांबला आणि म्हणाला, "मेणबत्ती आणा, मला दिसत नाही."

नानी अंधारात "अलहम्दुलिल्लाह" म्हणाली.

तुमच्या घरात असं एखादं लेकरू असेल, तर आज रात्री त्याला वाचायला सांगू नका. त्याच्याजवळ बसा आणि तुम्ही वाचा. उद्या त्याच्याबरोबर दोन ओळी. परवा कालच्या दोन आणि नव्या दोन. काय घडलं, कुठे अडलं, ते आम्हाला नक्की कळवा. पुढच्या अंकात तुमच्या पत्रांतून निवडून देऊ, इन्शाअल्लाह.